कोरियन तलवारबाजी: किती जुनी, कुठून आली आणि आज नेमकं काय शिकवलं जातं

प्रश्न असा आला आहे: "मुलगा कॉलेजात आहे. कोरियन ऐतिहासिक मालिका बघून त्याने तिथली तलवारबाजी शिकायचं मनावर घेतलंय. एक जण सांगतो की ही दोन हजार वर्षांची अखंड परंपरा आहे, दुसरा म्हणतो हे तर केंडोच, फक्त नाव कोरियन. खरं काय मानायचं?"

मी आधी कुमदो, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी केंडोचं कोरियन रूप, आणि नंतर जुन्या लष्करी ग्रंथांमधले तलवारीचे प्रकार बरीच वर्षं शिकत आणि शिकवत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. कोरियात तलवार फार जुनी आहे. पण ती चालवायची कशी, याची लेखी पद्धत १५९८ पासून पुढेच हाती लागते. ती पद्धत जपानी, चिनी आणि स्थानिक अशा तिन्ही धाग्यांची आहे, आणि हे तिच्या कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे शिकवणाऱ्यांची साखळी तुटली. आज जे चालतं त्यातलं काही केंडोकडून आलं, काही ग्रंथावरून पुन्हा उभं केलं गेलं आणि काही गेल्या चाळीसेक वर्षांत रचलं गेलं.

प्राचीन काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे शस्त्रं सापडतात, विद्या सापडत नाही. गोंगजू इथे १९७१ मध्ये प्राचीन बेक्जे राज्याचा राजा मुर्योंग याची कबर उघडली तेव्हा मुठीच्या टोकाला नक्षीदार कडं असलेली सरळ तलवार निघाली. आनाकच्या ३५७ सालच्या थडग्यात भिंतीवर गोगुर्यो या प्राचीन राज्यातली मिरवणूक रंगवली आहे, तिच्यात शस्त्रधारी सैनिकांच्या रांगाच्या रांगा दिसतात. सिल्ला या तिसऱ्या राज्यातल्या ह्वारांग नावाच्या तरुण योद्ध्यांच्या कथा आहेत, सेनापती किम यू-शिनने गुहेत केलेल्या प्रार्थनेची आणि तलवारीवर उतरलेल्या प्रकाशाची कथा आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण त्या माणसांनी पाय कुठे ठेवला, वार कोणत्या कोनातून केला, हे सांगणारी एकही ओळ त्या काळातून आलेली नाही. त्यामुळे कुणी "आमचा हा प्रकार थेट गोगुर्योचा" असं म्हणालं की मी शांतपणे विचारतो, मधल्या हजार वर्षांचा कागद कुठे आहे?

खरी गोष्ट सुरू होते जोसॉन काळात, म्हणजे १३९२ पासून राज्य करणाऱ्या कोरियाच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात. आणि तिची सुरुवात अशी की या देशाचं तलवारीवर फारसं प्रेमच नव्हतं.

जोसॉनचं लाडकं शस्त्र होतं धनुष्य. लष्करी अधिकारी होण्यासाठी जी सरकारी परीक्षा असे, तिचे विषय राज्याच्या मूळ कायदेसंहितेत दिले आहेत: लाकडी बाण, लोखंडी बाण, छोटा नळीतून सोडायचा बाण, घोड्यावरून तिरंदाजी, घोड्यावरून भाला आणि घोड्यावरचा चेंडूचा खेळ. तलवार त्या यादीत नाही. तलवार होती जवळच्या संकटासाठी, बाण संपल्यावर हाताशी असावी म्हणून. राजा मुनजोंगच्या काळात, १४५१ मध्ये, सैनिकांच्या ह्वान्दो या तलवारीचं माप ठरवून दिलं गेलं, ते वाचण्यासारखं आहे. पायदळाच्या तलवारीची मूठ 'दोन मुठींची' आणि घोडेस्वाराची 'एक मूठ तीन बोटांची'. म्हणजे घोडेस्वाराने ती एका हातानेच वापरायची होती, दुसऱ्या हातात लगाम. पातंही आखूड.

ती कमरेला कशी लटकवायची यातही धनुष्याचाच विचार आहे. म्यानाला तीदोन नावाची एक फिरती धातूची जोडणी असते. तलवार कमरेला लटकते आणि गरजेप्रमाणे पुढेमागे फिरवता येते. एरवी मूठ पाठीमागे वळलेली असते, म्हणजे धनुष्य ओढताना ती हाताच्या आड येत नाही. उपसायची वेळ आली की मूठ पुढे आणायची. जुन्या चित्रांत कोरियन अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ मागे आणि म्यानाचं टोक पुढे दिसतं, त्याचं कारण हे. जपानी पद्धतीने पट्ट्यात खोचलेल्या तलवारीची सवय असलेल्या मालिका-दिग्दर्शकांकडून नेमकी इथेच चूक होते. ही एक गोष्ट मुलाला दाखवा, पुढची मालिका तो वेगळ्या नजरेने बघेल.

मग १५९२ आलं. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचं सैन्य बुसानला उतरलं आणि तीन आठवड्यांच्या आत राजधानी हानसॉंग त्यांच्या ताब्यात गेली. राजा सॉनजो उत्तरेला पार उइजूपर्यंत पळाला. छुंगजूजवळ तांगुमदे इथे सेनापती शिन रिपची फौज नदीला पाठ देऊन लढली आणि संपली. जपान्यांच्या बंदुकांनी रांगा फोडल्या, पण बंदुकीच्या मागोमाग लांब तलवारी घेऊन जे अंगावर यायचे त्यांच्यासमोर उभं राहायला जोसॉनच्या सैनिकाला कुणी शिकवलंच नव्हतं. धनुर्धराला अंतर लागतं. अंतर मिटलं की तो हतबल.

१५९३ च्या सुरुवातीला चीनच्या मिंग राजवटीच्या फौजेने प्योंगयांग परत घेतलं, तेव्हा तिच्यातल्या दक्षिण चीनच्या तुकड्यांची लढण्याची रीत कोरियनांनी बघितली. ढाल, भाला, त्रिशूळ, फांद्यांसकट बांबूचा लांब दांडा आणि तलवार अशी मिसळ करून छोट्या गटांनी लढायची ती पद्धत होती. ती सेनापती छी जिग्वांगने चीनच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढताना बसवली होती. राजाने त्याचा ग्रंथ मिळवायला लावला. त्याच वर्षी हुल्योन-दोगाम हे प्रशिक्षण दल उभं राहिलं, त्यात तिरंदाज आणि बंदूकधाऱ्यांबरोबर हातघाईच्या सैनिकांचा तिसरा वर्ग आला. हान ग्यो या अधिकाऱ्याने मिंग अधिकाऱ्यांना गाठून, प्रश्न विचारून, समजून घेऊन १५९८ मध्ये 'मुयेजेबो' हा ग्रंथ तयार केला. त्यात सहा प्रकार आहेत, आणि त्यातली एकच तलवार: दोन्ही हातांनी चालवायची लांब तलवार, सांगसुदो.

आता ही तलवार आली कुठून बघा. १५६१ मध्ये लढाईत छी जिग्वांगच्या हाती एका जपानी तलवारशाळेची पोथी लागली होती. चाच्यांची लांब तलवार चिनी सैनिकांना फार जड जात होती, म्हणून त्याने तीच उचलली आणि आपल्या सैन्याला शिकवली. तिथून ती कोरियाला मिळाली, जपानी आक्रमणाला तोंड देण्यासाठी. म्हणजे कोरियाच्या पहिल्या लेखी तलवारपाठाचं मूळ जपानी, वाट चिनी आणि गरज कोरियन. शिवाय युद्धात शरण आलेल्या जपानी सैनिकांकडूनही बंदूक आणि तलवार शिकून घेतली गेली. हे ऐकून काही कोरियन मित्रांचा चेहरा उतरतो. मला मात्र यात कमीपणा वाटत नाही. घर जळत असताना शत्रूकडून शिकायलाही धीर लागतो.

उलट दिशेचा धागाही आहे, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. १६२१ मध्ये माओ युआन-यी या चिनी लेखकाने युद्धशास्त्राचा एक प्रचंड कोश पूर्ण केला. त्यात तलवारीच्या चोवीस पवित्र्यांचा एक पाठ आहे, आणि तो म्हणतो की कुणा हौशी माणसाने हा जोसॉनमधून मिळवला. चीनमध्ये हरवलेली विद्या सीमेपलीकडे शोधावी लागते, असंही तो लिहितो. हाच पाठ आज 'जोसॉन सेबॉप' नावाने ओळखला जातो. माऱ्यांचे पाच, भोसकण्याचे पाच, अडवण्याचे तीन आणि घासून कापण्याचे तीन असे प्रकार त्यात वेगळे काढले आहेत. पवित्र्यांची रचना इतकी स्वच्छ आहे की शिकवताना मला आजही याच्यापासून सुरुवात करायला आवडतं. ही पद्धत मूळ कोरियन की कोरियात टिकून राहिलेली जुनी चिनी, यावर वाद चालूच राहील. पण सतराव्या शतकात ती कोरियातून बाहेर गेली याला परक्या माणसाची साक्ष आहे, आणि अशी साक्ष फार थोड्या युद्धकलांच्या वाट्याला येते.

मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस मात्र किम छे-गॉन. राजा सुकजोंगच्या काळातला, म्हणजे १६७४ ते १७२० या दरम्यानचा, साधा लष्करी कर्मचारी. तो राजदूतांच्या मंडळाबरोबर जपानला गेला, तिथली तलवारीची पोथी मिळवली आणि शिकून परत आला. राजाने बोलावून परीक्षा घेतली तेव्हा तो टाचा उचलून, पायाच्या अंगठ्यांवर चालत तलवार फिरवत राहिला, अशी नोंद आहे. ज्याने तलवार हातात घेऊन पावलं टाकली आहेत त्याला या वर्णनाची किंमत कळेल. वार खांद्यातून दिसतो, पण तो उठतो पावलातून. टाच जमिनीला चिकटली की कंबर अडते आणि वार तोकडा पडतो. अंगठ्यांवर तोल ठेवून सलग गिरक्या घेणं ही कसरत वाटते, पण ती पायाच्या तयारीची कसोटी आहे.

छे-गॉनने आणलेल्या चार शाखा 'वेगॉम', म्हणजे जपानी तलवार, या सरळ नावानेच नोंदल्या गेल्या. त्यात स्वतःची भर घालून त्याने दोघांनी समोरासमोर करायचा सराव बसवला, त्याला म्हणतात ग्योजॉन. या पाठाचा शेवट मला फार आवडतो: वार-प्रतिवार होत होत शेवटी दोघे तलवारी टाकतात आणि एकमेकांना भिडतात. लढाईत असंच होतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. छे-गॉनचा मुलगा किम ग्वांग-तेक हाही नावाजलेला तलवारबाज झाला आणि त्याच्याकडे शिकला पेक दोंग-सू. हे नाव लक्षात ठेवा.

१७५९ मध्ये युवराज सादोच्या पुढाकाराने आधीच्या सहा प्रकारांत बारा प्रकारांची भर पडली. हे अठरा प्रकार म्हणजे 'शिप्पाल्गी'. तीनच वर्षांनी, १७६२ मध्ये, बापाने, म्हणजे राजा योंगजोने, सादोला तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं. त्याचा ग्रंथही आज उपलब्ध नाही. पण सादोचा मुलगा पुढे राजा जोंगजो झाला आणि त्याने वडिलांचं काम उचललं. घोड्यावरचे सहा प्रकार घालून १७९० मध्ये 'मुयेदोबोतोंगजी' छापला गेला: चोवीस प्रकार, चार खंड आणि सोबत हंगुल लिपीतली सोपी आवृत्ती. अभिजात चिनी न येणाऱ्या शिपायालाही तो वाचता यावा, ही व्यवस्था होती.

कर्ते तीन. ई दॉक-मू आणि पाक जे-गा हे राजग्रंथालयातले विद्वान, आणि तिसरा पेक दोंग-सू, राजाच्या रक्षकदलातला, प्रत्येक हालचाल प्रत्यक्ष करून तपासणारा. तिघेही दुय्यम बायकांच्या वंशातले, म्हणजे त्या समाजात मोठ्या पदांची दारं ज्यांना जवळपास बंद होती असे. विद्वान आणि तलवारबाज एका बैठकीत बसल्यामुळे हा ग्रंथ इतका वापरण्याजोगा झाला. प्रत्येक प्रकारात आधी शस्त्राचं चित्र आणि इतिहास, मग प्रत्येक पवित्र्याचं चित्र आणि सूचना, मग नुसत्या नावांचा मार्गनकाशा, आणि शेवटी त्याच मार्गावर क्रमाने काढलेल्या छोट्या छोट्या माणसांचं चित्र. पुढे किती गेलात, कुठे वळलात, परत कुठे आलात, सगळं एका नजरेत.

प्रामाणिकपणाही बघा. जोसॉन सेबॉपला ते 'येदो' म्हणतात. चिनी कोशातला पाठ आणि सैनिकांचा चालू सराव यांत फरक दिसला, तेव्हा त्यांनी एकाला खोटं ठरवलं नाही. चोवीस पवित्रे कोशातले दिले, चालू सरावातले आणखी चार जोडले आणि सैनिकांच्या सरावाचा मार्गनकाशा वेगळा छापला. जपानी ते जपानी म्हणून, मिंग सेनापती ली रूसोंगच्या नावाने आलेली 'जेदोक-गॉम' ती तशी. आणि स्वदेशाची तलवार म्हणून 'बोन्गुक-गॉम'.

या बोन्गुक-गॉमवर थोडं थांबतो, कारण मुलाला पहिल्यांदा बहुधा हीच दाखवतील. ग्रंथ तिचा संबंध सिल्लाच्या ह्वांगछांगशी जोडतो. आख्यायिका अशी की हा सात वर्षांचा मुलगा बेक्जेच्या बाजारात तलवार घेऊन नाचला, बघ्यांची भिंत उभी राहिली, राजाने दरबारात बोलावलं आणि नाचता नाचता मुलाने राजाला भोसकलं. लोकांनी त्याला तिथेच मारलं. सिल्लाच्या लोकांनी त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा करून तलवारनृत्य सुरू ठेवलं. जुन्या इतिहासात असा मारला गेलेला बेक्जेचा राजा सापडत नाही. सापडतो तो ६६० च्या ह्वांगसानबॉलच्या लढाईतला ग्वानछांग, पंधरा-सोळा वर्षांचा, दोनदा शत्रूच्या गोटात घुसलेला आणि शिरच्छेद झालेला. त्याचीच गोष्ट बदलत गेली असावी, असा तर्क जोसॉनपूर्व काळातल्या विद्वानानेही मांडला होता आणि मला तो पटतो. तलवारनृत्य मात्र खरोखर टिकलं. जिंजूचं तलवारनृत्य १९६७ पासून कोरियाचा राष्ट्रीय वारसा आहे.

कथा बाजूला ठेवून पाठ बघितला तर तो उत्तम आहे. सुरुवातीला दोन्ही हातांनी मूठ धरून तलवार डाव्या खांद्याला टेकवून सरळ उभं राहायचं. उजव्या खांद्याकडून वार करायची सवय असलेल्याला ही जागा अवघडल्यासारखी वाटते. मग लगेच उजवीकडे गिरकी. दोन पावलांत कळतं की डाव्या खांद्यावरची ती तलवार गिरकीच्या आधीच ताण साठवून बसली होती. पुढे एका पायावर उभा राहणारा सोनेरी कोंबडा येतो, रानात दडलेला वाघ येतो, गवत बाजूला सारून साप शोधणारा खालचा वार येतो, आणि मधेच पाठीमागे वळून मारायचे वार. समोर एकच प्रतिस्पर्धी गृहीत धरलेला नाही. हा रणांगणाचा पाठ आहे.

आता अडचण. पुस्तक म्हणजे 'मीठ चवीपुरतं' असं लिहिलेली पाककृती. कुठे वळायचं ते सांगितलंय, पण किती वेगाने, भार कोणत्या पायावर, श्वास कधी, हे नाही. ते शिकवणारा माणूस सांगायचा. ती माणसं पुढे उरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याचं आधुनिकीकरण झालं, जुनी दलं मोडली, १९०७ मध्ये जपानच्या दबावाखाली उरलेलं कोरियन सैन्यही बरखास्त झालं आणि १९१० मध्ये देशच गेला. म्हणून आज एकाच बोन्गुक-गॉमचे दोन गट वेगवेगळे दिसतात: एका ठिकाणी गिरकी टाचेवर, दुसऱ्या ठिकाणी चवड्यावर. दोघांचं पुस्तक एकच.

त्याच वळणावर केंडो आला. बांबूची तलवार आणि चिलखत घालून करायचा सराव आधी पोलिसांत, मग शाळांत पसरला. स्वातंत्र्यानंतर कोरियनांनी तो टाकला नाही, आज्ञा आणि संज्ञा कोरियन केल्या, आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय कुमदो संघटना उभी केली. त्यामुळे कुमदो हा मुळात केंडोच आहे, हे मोकळेपणाने सांगावं. काही फरक आहेत: देशांतर्गत सामन्यांत सुरुवातीची उकिडवं बसण्याची रीत सोडली आहे, चाल अधिक आक्रमक आहे. कुमदोतली वरची श्रेणी मिळवण्याच्या परीक्षेसाठी बोन्गुक-गॉम आणि जोसॉन सेबॉपही करून घेतात. दर्जाबद्दल शंका नको. २००६ मध्ये तैपेईच्या जागतिक स्पर्धेत कोरियाने पुरुषांचं सांघिक विजेतेपद मिळवलं. त्या वर्षी जपान उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हरला होता.

दुसरा प्रवाह ग्रंथावरून पुनर्बांधणी करणाऱ्यांचा, शिप्पाल्गी किंवा चोवीस प्रकार शिकवणारा. तिसरा हैदोंग गुमदो, १९८० च्या दशकात वाढलेला. त्यात चिलखतातल्या सामन्यांऐवजी लांब पाठ, गवताच्या गुंडाळ्या आणि बांबू कापणं, तलवारीच्या झोताने मेणबत्ती विझवणं यांवर भर. व्यायाम म्हणून छान, मुलं रमतात. त्याला गोगुर्योच्या योद्ध्यांचा वारसा सांगितला जातो, त्याला मात्र कागदाचा आधार नाही.

मुलाला काय हवंय ते आधी ठरवू द्या. समोरच्या माणसाविरुद्ध वेळ आणि अंतर शिकायचं असेल तर कुमदो, त्याला पर्याय नाही. मी स्वतः सगळ्यांना त्यानेच सुरुवात करायला सांगतो, कारण खरोखर प्रतिकार करणारा माणूस समोर नसेल तर सुंदर पवित्रे पोकळ राहतात. इतिहास हाताने शिकायचा असेल तर नंतर ग्रंथातल्या प्रकारांकडे वळावं. शिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारायला सांगा: हा पाठ कोणत्या ग्रंथात आहे, आणि त्यात तुमची भर कोणती? चांगला शिक्षक दोन्हींचं उत्तर देतो.

कधी कोरियात येणं झालं तर सुवॉनला जा. जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेला ह्वासॉंग किल्ला तिथे आहे, आणि आतल्या राजवाड्यासमोर चोवीस प्रकारांची प्रात्यक्षिकं नियमित होतात. पुढच्या रांगेत उभं राहून तलवारीकडे न बघता पायांकडे बघा.

आणि तलवार विकत घ्यायची घाई नको. कोरियात पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार बाळगायला पोलिसांचा परवाना लागतो, आणि सुरुवातीचा बराच काळ लाकडी आणि बांबूच्या तलवारीवरच जातो. लाकडी घेताना मुठीचा घेर हाताला बसतो का ते बघा आणि फार जड घेऊ नका, कोपर दुखावतं.